चांद्यातील गाईडनिवडीचे शास्त्र

महाराष्ट्रात बारावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्र हा एकच विषय एका वर्षात तीन वेळा जिंकावा लागतो. पहिली लढाई राज्य मंडळाची, जीत ७० गुणांची लेखी आणि ३० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा असते आणि उत्तर वाक्यांत लिहून दाखवावे लागते. दुसरी राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेची, म्हणजे जिला कोणीही तिच्या पूर्ण नावाने न ओळखता केवळ ‘सीईटी’ म्हणते तिची, जीत संगणकासमोर बसून रसायनशास्त्राच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी चार पर्यायांपैकी एकावर टिचकी मारायची असते. तिसरी ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशाची देशव्यापी परीक्षा, जीत याच विषयाच्या ४५ प्रश्नांसाठी, म्हणजे १८० गुणांसाठी, कागदावरची बारीक वर्तुळे पेनाने काळी करायची असतात. तिन्ही लढायांत कार्बन तोच असतो आणि त्याची संयुजाही, म्हणजे इतर अणूंशी बंध जोडण्याची त्याची क्षमता, चारच राहते; परंतु तिन्हींची पुस्तके वेगळी, त्यांतली प्रकरणे वेगळी आणि त्या पुस्तकांवर विसंबण्याची भीतीही वेगळी असल्यामुळे ‘कोणते गाईड घ्यावे’ हा प्रश्न रसायनशास्त्राच्या कोणत्याही प्रश्नापेक्षा अवघड होऊन बसला आहे. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच जिल्हा असलेल्या चंद्रपूर आणि गडचिरोलीत, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘चांदा’ असलेल्या मुलखात, या प्रश्नाचा अभ्यास करणे विशेष उपयुक्त ठरते, कारण येथे गाईड निवडताना अभ्यासक्रमाखेरीज अंतर, ऊन, शेजारी आणि मामा या चार घटकांचाही विचार करावा लागतो.

प्रथम वर्गीकरण. सर्वांत खालच्या पायरीवर, म्हणजे किमतीने खालच्या, ‘बालभारती’चे म्हणजे राज्य पाठ्यपुस्तक मंडळाचे अकरावी व बारावीचे पुस्तक येते. ते प्रत्येकाकडे असते आणि म्हणूनच त्याला गाईड मानण्यास कोणी तयार नसते. त्याच्या शेजारी ‘एनसीईआरटी’ या केंद्रीय संस्थेची पुस्तके येतात, ज्यांच्याविषयी नीटचे सर्व शिक्षक एकमुखाने सांगतात की प्रश्न यांतूनच येतात, आणि हे सांगून झाल्यावर लगेच दुसरे पुस्तक हातात देतात. तिसरा वर्ग ‘डायजेस्ट’चा, ज्यात पाठ्यपुस्तकातल्या मजकुराची प्रश्नोत्तरे केलेली असतात, म्हणजे पुस्तक एका पानात जे सांगते तेच तीन पानांत विचारून सांगितलेले असते. चौथा वर्ग ‘ऑब्जेक्टिव्ह’ पुस्तकांचा, ज्यांत सिद्धान्त चिमूटभर आणि बहुपर्यायी प्रश्न हजारोंनी असतात. पाचवा वर्ग ओ. पी. टंडन, पी. बहादूर, एन. अवस्थी यांच्यासारख्या लेखकांच्या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या जाडजूड ग्रंथांचा. येथे लेखक आणि ग्रंथ यांतला भेद पूर्णपणे लोपलेला असतो, आणि ‘टंडन किती झाला?’ या प्रश्नाचे ‘अर्धा झाला’ हे उत्तर ऐकून कोणीही दचकत नाही. सहावा वर्ग परदेशी ग्रंथांचा, ज्यांत १९५९ साली प्रथम प्रसिद्ध झालेले मॉरिसन आणि बॉइड यांचे सेंद्रिय रसायनशास्त्राचे पुस्तक अग्रभागी आहे. ते मुळात अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले असून चांद्यात त्याचा उपयोग प्रामुख्याने दिवाणखान्यातल्या कपाटाच्या काचेमागून पाहुण्यांना दिसण्यासाठी होतो. सातवा वर्ग झेरॉक्स नोट्सचा, ज्या एखाद्या अज्ञात हुशार मुलीच्या सुंदर अक्षरात असतात आणि प्रतीची प्रत, तिची प्रत अशी परंपरा चालत आल्यामुळे ज्यांतली ऋण चिन्हे कालौघात नाहीशी झालेली असतात. ऊष्मागतिकीत, म्हणजे उष्णता आणि ऊर्जा यांच्या देवघेवीच्या शास्त्रात, ऋण चिन्ह गेले की उष्णता बाहेर टाकणारी अभिक्रिया ती शोषून घेऊ लागते. पण अक्षर सुंदर असल्यामुळे विद्यार्थी निसर्गालाच दोष देतो. आठवा आणि सर्वांत पूज्य वर्ग ‘कोट्याच्या मॉड्यूल’चा, म्हणजे राजस्थानातल्या त्या शिकवणीनगरीत छापलेल्या संचांचा. त्याचे वैशिष्ट्य असे की ते दुकानात मिळत नाही, कोणाकडून तरी ‘मिळवावे’ लागते.

या आठ वर्गांची एकमेकांशी तुलना करणारा ग्राहक मात्र क्वचितच आढळतो, कारण पुस्तकावरचा विश्वास हा त्याच्या जाडीच्या सम प्रमाणात आणि त्याच्या उपलब्धतेच्या व्यस्त प्रमाणात असतो, हा नियम येथे सर्वमान्य आहे. ज्या पुस्तकातून प्रश्न निघतात ते स्वस्त व पातळ असते. त्याच्यावर भरवसा ठेवून मुलगा नापास झाला तर ‘पुस्तकच घेऊन दिले नाही’ असे नातेवाईक म्हणतील, ही भीती बापाला असते. उलट दोन हजार रुपयांचे चार खंड घरी आणून ठेवले की अपयशाची जबाबदारी कायदेशीररीत्या मुलाकडे हस्तांतरित होते. या दृष्टीने पाहिले असता गाईड हे अभ्यासाचे साधन नसून कुटुंबातल्या दोन पिढ्यांमधला एक दस्तऐवज आहे, आणि त्यावर सही करण्यासाठी दोघेही जूनमध्ये चंद्रपुरातल्या जटपुरा गेटच्या आसपासच्या दुकानांकडे निघतात.

दुकानातल्या व्यवहाराची रीत ठरलेली आहे. बाप म्हणतो, ‘‘भाऊ, नीटच्या केमिस्ट्रीचं चांगलं पुस्तक द्या जी.’’ दुकानदार पुस्तकांच्या भिंतीकडे वळूनही पाहत नाही. तो विचारतो, ‘‘पोरगा कोणत्या सरांकडे आहे?’’ हा प्रश्न निर्णायक असतो, कारण प्रत्येक शिकवणीच्या सरांचे एक पुस्तक ठरलेले असते, आणि सरांचे पुस्तक न घेता दुसरे घेणे म्हणजे एका दवाखान्यात दाखवून दुसऱ्या डॉक्टरची गोळी खाण्यासारखे मानले जाते. मुलगा अजून कोणत्याच सरांकडे नसेल तर दुकानदार क्षणभर सहानुभूतीने थांबतो आणि ‘‘मग हे दोन्ही घेऊन जा, पोरं हेच नेते’’ असे म्हणून निवडीचा प्रश्न बेरजेने सोडवतो. या वेळी मुलगा कोपऱ्यात उभा राहून पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची उत्तरसूची उघडून पाहत असतो, कारण पुस्तकाची उपयुक्तता उत्तरे किती जवळ आहेत यावर ठरते हे त्याला ठाऊक असते. ‘सुधारित व वर्धित आवृत्ती’ असे वेष्टनावर छापलेले असले तरी सुधारणा कोठे झाली हे कोणी विचारत नाही. वर्धन किमतीत झालेले असते, ते आत उघडताच दिसते.

दुकानापूर्वी आणि दुकानानंतर एक समिती काम करीत असते. तिचे अध्यक्षपद मामाकडे असते, ज्याने १९९० च्या दशकात रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळवलेली असते आणि ज्याच्या मते हल्लीच्या पुस्तकांत काही दम नाही. सदस्यांमध्ये औष्णिक वीज केंद्रात किंवा कोळसा खाणीत वडिलांसोबत पाळी करणारे सहकारी असतात, ज्यांच्यापैकी एकाचा मुलगा मागच्या वर्षी ‘लागला’ असतो. ‘लागणे’ म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळणे. चंद्रपुरातच २०१५ मध्ये असे महाविद्यालय सुरू झाल्यापासून हा शब्द अधिक जवळचा झाला आहे, कारण आता यश बसने जाण्याच्या अंतरावर आले. लागलेल्या मुलाचे पुस्तक मिळणे हा समितीच्या कामकाजातला सर्वोच्च क्षण असतो. त्या पुस्तकात पिवळ्या, गुलाबी आणि हिरव्या अशा तीन रंगांच्या शाईने महत्त्वाची वाक्ये अधोरेखित केलेली असतात, आणि नीट पाहिले तर अधोरेखित न केलेले एकही वाक्य शिल्लक नसते. तथापि नवा मालक हे रंग साक्षात्कार मानून पुन्हा चौथ्या रंगाने गिरवतो.

गाईडच्या निवडीला एक इतिहासही आहे, आणि तो कोणत्याही रासायनिक साखळी अभिक्रियेइतका वेगवान आहे. देशभरासाठी एकच नीट प्रथम २०१३ मध्ये झाली, त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, त्यामुळे महाराष्ट्रात पुन्हा राज्याच्या सीईटीची, म्हणजे पुन्हा राज्य मंडळाच्या पुस्तकांची चलती सुरू झाली. २८ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने त्याच वर्षी नीटच घ्यावी असा आदेश दिला, तेव्हा राज्याची सीईटी अवघ्या आठवड्यावर, ५ मे रोजी येऊन ठेपली होती. राज्यभरच्या पालकांनी त्या आठवड्यात एनसीईआरटीची पुस्तके शोधावयास सुरुवात केली; आणि २४ मे रोजी एक वटहुकूम निघून त्या वर्षापुरती राज्याच्या जागांना नीटमधून सूट मिळाली, तेव्हा ती पुस्तके शोधून आणणाऱ्यांना ती कोणाला विकावीत हा नवा प्रश्न पडला. एका महिन्यात एकाच घरात दोनदा बदललेले हे रसायनशास्त्र शास्त्रज्ञांनी बदललेले नव्हते, एवढेच येथे नोंदवणे पुरे.

त्यानंतरचा मोठा बदल एनसीईआरटीने २०२२ मध्ये केला, ज्यास ‘सुसूत्रीकरण’ म्हणतात आणि ज्याचा व्यावहारिक अर्थ प्रकरणे वगळणे असा होतो. अकरावीतून पदार्थाच्या अवस्था, हायड्रोजन, पहिल्या दोन गणांची मूलद्रव्ये आणि पर्यावरणीय रसायनशास्त्र गेले. बारावीतून स्थायू अवस्था, पृष्ठ रसायनशास्त्र, धातूंचे निष्कर्षण, बहुवारिके आणि दैनंदिन जीवनातले रसायनशास्त्र गेले. नीटच्या अभ्यासक्रमानेही २०२४ पासून ही कात्री बरीचशी स्वीकारली, परंतु पूर्णपणे नाही: बारावीच्या पुस्तकातून नाहीशी झालेली नायट्रोजन, ऑक्सिजन, हॅलोजन यांची कुटुंबे परीक्षेत राहिली, आणि क्षारांच्या पृथक्करणासारखा प्रयोगशाळेचा भाग नव्याने समाविष्ट झाला, जो त्या पुस्तकांत प्रकरण म्हणून नव्हताच. यामुळे ‘जुनी एनसीईआरटी’ नावाचा एक नवा दुर्मीळ ग्रंथ जन्मास आला. २०२१ च्या आधी छापलेले जे पुस्तक रद्दीत गेले होते ते आता रद्दीवाल्याकडून परत मागवले जाऊ लागले, आणि रद्दीवाला, जो आजवर पुस्तके वजनावर घेत होता, त्यालाही सनावळी पाहण्याचे भान आले. राज्याची सीईटी मात्र राज्य मंडळाच्या पुस्तकाप्रमाणेच चालत राहिल्यामुळे तिच्यात स्थायू अवस्था हेच बारावीचे पहिले प्रकरण आहे. ज्याने दोन्ही परीक्षा द्यावयाच्या त्याने स्फटिकांची रचना सीईटीसाठी पाठ करून नीटसाठी विसरावी, किंवा निदान नीटच्या तासांत तिचा उच्चार टाळावा, असा संकेत आहे.

या वगळावगळीचा चांद्यापुरता एक विशेष विनोद आहे, जो बहुधा दिल्लीत कोणाच्या लक्षात आला नसावा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूर, आवारपूर, घुग्घुस या परिसरात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत, आणि सिमेंट म्हणजे काय हे एनसीईआरटीत ज्या प्रकरणाच्या अखेरीस सांगितले होते ते कॅल्शियमच्या गणाचे प्रकरणच गेले. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरातून निघालेले लोहखनिज भरून ट्रकांची रांग आलापल्ली-आष्टी रस्त्याने जात असते आणि तिच्या मागे अडकलेल्या एसटीतला विद्यार्थी खनिजापासून धातू कसा मिळवतात हे नीटसाठी वाचण्याच्या बंधनातून मुक्त झालेला असतो. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औद्योगिक क्षेत्रांच्या प्रदूषणाचा सर्वंकष निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळून ते देशात चौथे आले. एवढे गुण रसायनशास्त्रात मिळाले असते तर समितीने पेढे वाटले असते. अशा गावातल्या मुलासाठी पर्यावरणीय रसायनशास्त्र हे प्रकरण आता प्रश्नपत्रिकेबाहेरचे आहे, आणि सल्फर डायऑक्साइड हा केवळ २९२० मेगावॅटच्या वीज केंद्राच्या दिशेचा एक विषय आहे. सीईटीसाठी मात्र राज्याच्या पुस्तकात हरित रसायनशास्त्राचे सोळावे प्रकरण आहे, जे सर्व शिक्षकांकडून शेवटच्या आठवड्यात एका तासात शिकवले जाते, कारण त्यावर एखादाच प्रश्न येतो.

गंधकाच्या संयुगांविषयी तर चांद्यातल्या विद्यार्थ्याला गाईडची गरजच नसावी. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात बांबू व लाकडाचा लगदा ज्या सल्फेट पद्धतीने होत आला तिच्यात हायड्रोजन सल्फाइड आणि मरकॅप्टन, म्हणजे अल्कोहोलमधल्या ऑक्सिजनच्या जागी गंधक बसलेली संयुगे, तयार होतात, आणि कुजलेल्या अंड्याची व कोबीची मिश्र दुर्गंधी वाऱ्याबरोबर घराघरांत पोचवतात. ज्याला सोळाव्या गणाचे मूलद्रव्य नाकाने ओळखता येते तोच विद्यार्थी ‘हायड्रोजन सल्फाइडचा वास कसा असतो’ या प्रश्नापुढे पुस्तकाचे पान उलटताना दिसतो, कारण अनुभवाला गुण नसतात आणि उत्तरसूचीला असतात. इथेनॉलच्या प्रकरणात हीच गोष्ट उलट दिशेने घडते. गाईडांत किण्वनाचे उदाहरण म्हणून उसाची मळी दिलेली असते, जी पश्चिम महाराष्ट्रातल्या मुलाला सहज दिसते. मार्च-एप्रिलमध्ये ज्याच्या घरासमोर मोहाची फुले वाळत घातलेली असतात त्या गडचिरोलीच्या मुलाला मात्र मळी म्हणजे काय हे पाठ करावे लागते, आणि जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी असल्यामुळे मोहाविषयी त्याला जे ठाऊक असते ते कोणत्याही पर्यायात बसवणे इष्ट नसते.

गाईड कोणत्या भाषेचे, हा प्रश्न निवडीच्या यादीत शेवटी येतो, कारण तेथे निवड नसते. दहावीपर्यंत आम्ल, आम्लारी आणि उत्प्रेरक म्हणत आलेला विद्यार्थी अकरावीत इंग्रजी पुस्तकापुढे बसतो आणि उत्प्रेरकाचा ‘कॅटॅलिस्ट’ झालेला पाहून तोच जुना पदार्थ आहे हे समजण्यास दिवाळी उजाडते. भामरागड, एटापल्लीकडच्या माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला तर हा दुसऱ्यांदा केलेला प्रवास असतो, कारण ‘उत्प्रेरक’ हा शब्दही त्याच्या घरात कधी आलेला नसतो. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते, मात्र भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी पाठच अंतिम मानला जाईल अशी सूचना असते. म्हणजे मराठीत प्रश्न सोडवणाऱ्याला, आपण कोणता प्रश्न सोडवला हे इंग्रजीतून कळते.

पुस्तकाची आवृत्ती चुकल्याचे परिणाम केवढे होऊ शकतात याचे उदाहरण २०२४ च्या नीटमध्ये मिळाले. प्रश्न भौतिकशास्त्राच्या विभागातला होता, परंतु अणूविषयी असल्यामुळे रसायनशास्त्रालाही त्यात आपला अपमान वाटण्याचा हक्क आहे. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात, असे विधान एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत होते आणि नव्या आवृत्तीत ते दुरुस्त झाले होते. किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू, नावाप्रमाणेच, स्थिर नसतात. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने जुने पुस्तक वाचणाऱ्यांचे उत्तरही बरोबर मानले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीतल्या तज्ज्ञांची समिती नेमायला सांगितली, आणि एका दिवसात निर्णय आला की उत्तर एकच, नव्या पुस्तकाचे. चार लाखांहून अधिक मुलांनी दुसरा पर्याय निवडलेला होता, त्यांचे पाच-पाच गुण गेले. मोठ्या भावाचे पुस्तक वापरून पैसे वाचवावेत, असे सांगणाऱ्या मामाला या निकालानंतर समितीत बोलण्याची संधी फारशी मिळाली नाही.

गाईडची शेवटची काही पाने ‘परीक्षातंत्र’ या विषयाला वाहिलेली असतात आणि प्रत्यक्षात तीच सर्वाधिक वाचली जातात, कारण त्यांत ‘तुक्का’ मारण्याचा म्हणजे अंदाजाने उत्तर देण्याचा विचार असतो. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून रसायनशास्त्राचे एकही अक्षर न वाचलेल्या मुलाने पन्नासही प्रश्नांवर डोळे मिटून टिचक्या मारल्या तरी संभाव्यतेच्या नियमाने त्याला सरासरी साडेबारा गुण मिळावेत. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीचे एक कापले जाते. तरीही हिशेब केला तर आंधळ्या तुक्क्याला दर प्रश्नामागे सरासरी पाव गुण पडतोच, म्हणजे ४५ प्रश्नांत सव्वाअकरा. या पाव गुणावर कित्येक गाईडांनी स्वतंत्र प्रकरण लिहिलेले आहे. निकालाच्या दिवशी मात्र या सगळ्या अंकगणितावर ‘पर्सेंटाइल’ नावाचे पाणी पडते. सीईटी अनेक सत्रांत होत असल्यामुळे गुणांऐवजी, आपल्या इतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण किती टक्के परीक्षार्थ्यांना मिळाले, हे सांगितले जाते, आणि ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण असे समजून दुपारी वाटलेल्या पेढ्यांचा खुलासा करण्याची वेळ, प्रवेशाच्या पहिल्या फेरीची यादी लागली की, मुलावर येते.

अंतराचा घटक उरला. सिरोंच्याच्या किंवा भामरागडच्या विद्यार्थ्याला गाईड निवडण्याचे स्वातंत्र्य चंद्रपूरच्या मुलाएवढे नसते, आणि त्यामुळे त्याचा वेळही वाचतो: पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो आणि नागपूरहून मागवलेले ‘सुधारित व वर्धित’ नदीच्या अलीकडे थांबून राहते, तोपर्यंत आश्रमशाळेतल्या बालभारतीच्या पुस्तकाचे तिसरे वाचन होऊन गेलेले असते. ज्या पुस्तकातून प्रश्न येतात तेच पुस्तक तीनदा वाचण्याची ही पद्धत जटपुरा गेटच्या दुकानांत कोणी सुचवत नाही, कारण तिच्यात विकण्यासारखे काही नाही.

परीक्षा संपल्यावर, मेअखेरीच्या नवतपात, म्हणजे विदर्भातल्या उन्हाच्या त्या नऊ कुप्रसिद्ध दिवसांत, सर्व आठ वर्गांची गाईडे पुन्हा बाजारात येतात. जुनी पुस्तके घेणारा विक्रेता वेष्टन, आवृत्ती किंवा लेखक यांकडे न पाहता पुस्तक कडेने धरून त्याची पाने मोजल्यासारखी सोडतो आणि मळकटपणा कोठे संपतो तेवढेच पाहतो. बहुतेक रसायनशास्त्राच्या पुस्तकांचे पहिले प्रकरण मोल संकल्पनेचे, म्हणजे ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात एवढ्या कणांच्या गठ्ठ्याचे असते, आणि ते जूनच्या उत्साहात प्रत्येकाने सोडवलेले असल्यामुळे या दोन जिल्ह्यांत मोलविषयी अज्ञान औषधालाही सापडत नाही. दुसरे प्रकरण अणुरचनेचे, तेथे पेन्सिलीच्या खुणा विरळ होतात. रासायनिक बंधापाशी शेवटची खूण, एखादे अर्धवट सोडलेले उदाहरण आणि बहुधा गणपतीच्या सुट्टीची तारीख. त्यापुढची आठशे पाने पांढरी स्वच्छ, आणि विक्रेता त्यांवर बोट फिरवून पुढच्या जूनच्या बापासाठी आतल्या कोपऱ्यात किंमत लिहितो: ‘नव्यासारखे, फक्त सुरुवातीला वापरलेले.’